गळा हलला नाही

भट्टीवाल्यानं ‘अबू सिवार!’ अशी हाक मारली आणि मुंतसिरनं हात पुढे केला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. अबू सिवार म्हणजे सिवारचा बाप, आणि सिवार त्याचीच मुलगी; शारजात इतकी वर्षं ऑफिसातला चहावालासुद्धा त्याला याच नावानं ओळखत होता. पत्र्याचा ट्रे हातात आला, आधी चटका बसला आणि मग वास आला. घरी कालवलेल्या झातरचा, म्हणजे रानओव्याच्या मसाल्याचा, त्यात तीळ जास्त आणि तेलही सढळ हातानं घातलेलं. मुंतसिरनं घरून काहीच कालवून आणलं नव्हतं. तो नुसत्या दोन रोट्यांसाठी रांगेत उभा होता. शुक्रवारी सकाळी सगळी टेकडी आपापल्या घरचं वाडगं घेऊन भट्टीवर येते, भट्टीवाला अबू लैस ते कणकेवर थापून भाजतो आणि नावानं पुकारून ज्याचं त्याला देतो. हे तो विसरला होता असं नाही, अम्मानमध्येच वाढला होता तो. पण खांद्याशेजारून आलेला दुसरा एक हात अर्ध्यावरच थांबलेला दिसला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हाक आपल्याला नव्हती.

तो हात फौझीचा होता. मुंतसिरच्या काडीमोड झालेल्या बायकोचा, अबीरचा, दुसरा नवरा, टाइल्सचा दुकानदार, कानांवरचे केस पांढरे झालेला ठेंगणा माणूस.

“अहो भाऊ, तो ट्रे अबू सिवारचा आहे,” अबू लैस आतून ओरडला. “तुमचा नंबर यायचाय. रांग कशाला असते?”

मागे कुणीतरी हसलं. फौझी घाईघाईनं म्हणाला, “राहू दे, अबू लैस, बरोबर आहे त्यांचं. अबू सिवार तेच. खरे तेच.” आणि मग मुंतसिरकडे वळून, “खालून धरा, वरून भाजेल. किंवा थांबा, मी कागदात बांधून देतो.” त्यानं खरोखरच अर्ध्या रोट्या कागदात गुंडाळल्या, मुंतसिरच्या हातात दिल्या, उरलेल्यांचा ट्रे उचलला, सगळ्यांना सलाम केला आणि पायऱ्या चढून निघून गेला. मुंतसिर कागदाचं पुडकं घेऊन तिथंच उभा राहिला. त्याचे कान तापले होते. ‘खरे तेच.’ त्या माणसानं ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

“सोन्यासारखा माणूस,” अबू लैस फावड्यानं पुढचा ट्रे ओढत कुणाला तरी सांगत होता. “बायको गेली, पण पोरीला काही कमी पडू दिलं नाही. तिच्या आईच्या माघारी स्वयंपाक शिकला, बोल.”

आणि मुंतसिर बोलला. आपण बोलणार आहोत हे त्याला बोलेपर्यंत माहीत नव्हतं, असं पुढे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिला; पण वाक्यं तर तयारच निघाली, घडी घालून ठेवल्यासारखी. “सोन्यासारखा! वयात आलेली पोरगी, घरात दुसरी बाई नाही, दार लावून आत दोघंच. सोनं किती कॅरटचं ते तुम्हीच बघा.”

अबू लैसनं फावडं टेकवलं. “जीभ आवरा, साहेब. आईशी निकाह झाला की शरीयतनं ती मुलगीच लागते त्याची.”

“लागते ना,” मुंतसिर म्हणाला आणि त्यानं खांदे उडवले. वाक्य एक वेळ परत घेता आलं असतं, ते खांदे उडवणं कसं परत घेणार? वाडगी घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तो पायऱ्या उतरू लागला आणि उतरता उतरता पुडक्यातली रोटी खाऊ लागला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं आणि भूकही लागली होती. रोटी चांगली होती. चौथ्या वळणावर सिवार नेहमीप्रमाणे उभी होती, शुक्रवारचे दोन तास बापाबरोबर घालवायला. तिनं त्याच्या हनुवटीकडे बघून रुमाल पुढे केला. “तेल लागलंय. झातर आमच्याकडचं वाटतं? तीळ जरा जास्त पडलेत माझ्या हातून.” तो म्हणाला, छान झालंय. तिला खूप बरं वाटलेलं दिसलं, आणि त्याला वाटलं की आत्ताच्या आत्ता वर धावत जावं. पण वर जाऊन काय म्हणायचं हे सुचेना, म्हणून तो तिला घेऊन आइस्क्रीम खायला गेला.

तिला तो किती ओळखत होता? अबीरशी काडीमोड झाला तेव्हा पोर रांगत होती. मग शारजा. मग अबीरनं फौझीशी लग्न केल्याची बातमी आली, तेव्हा नातेवाईक फोनवर म्हणाले, आता पोरगी माग, आईनं दुसरं लग्न केलं की हक्क तुझा, कायदा तुझ्या बाजूनं आहे. त्यानं मागितली नाही. पोरीला आईपासून तोडू कशाला, असं तो म्हणाला, आणि सगळे म्हणाले, मुंतसिरचं काळीज मोठं. काळीज वगैरे काही नव्हतं. त्यालाही दुसरी बायको आली होती आणि तिला घरात दुसरीचं मूल नको होतं, आणि खरं म्हणजे त्यालाही शुक्रवारी उशिरापर्यंत झोपायची सवय लागली होती. मोठ्या काळजाची स्तुती मात्र त्यानं वर्षानुवर्षं जपून वापरली. मग ती दुसरी बायको सोडून गेली, नोकरी गेली, आणि त्याच वर्षी इकडे अबीर गेली. पोटात गाठ होती म्हणे. तो परत आला तो थोरल्या बहिणीच्या, नवालच्या घरात, शर्टांच्या दोन बॅगा आणि पाठीचं दुखणं घेऊन. रात्री पडल्या पडल्या हिशेब करावा तसा तो आपल्याकडे काय आहे ते आठवत असे, आणि दर वेळी हाती एकच गोष्ट लागे: सिवार. ती आपल्या घरात चालत असेल, दार उघडेल, आपण आलो की आतून कुणीतरी ‘कोण?’ म्हणेल. एवढंच हवं होतं. हे हवं असण्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

पण सिवार यायला तयार नव्हती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दर शुक्रवारी ती येई, नीट बोले, तास संपले की घड्याळाकडे न बघताही तिला कळे. फौझीला ती अम्मो म्हणायची, काका. बाबा हा शब्द अबीरनं तिला कधी फौझीसाठी वापरू दिला नव्हता. “मम्मा म्हणायची, बाबा शारजात आहेत, त्यांची जागा त्यांना राहू दे,” हे सिवारनंच त्याला एकदा सांगितलं, सहज, चमचा चाटता चाटता. इतकी वर्षं त्याच्यासाठी कुणीतरी एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि तो तिकडे फिरकलाही नव्हता. त्यानं कोर्टात अर्ज केला तेव्हा वकील हसून म्हणाला होता की सावत्र बापाला कायद्यात उभं राहायलाही जागा नाही, फक्त जज्जसाहेब पोरीला विचारतील, आणि पोरगी काय म्हणेल तेवढं बघा. ती काय म्हणेल हे मुंतसिरला ठाऊक होतं. फौझीलाही असावं. म्हणूनच कदाचित तो इतका नम्र होता. ज्याला हरायची भीती नसते त्याला नम्र व्हायला काय जातं, असं मुंतसिरला तेव्हा वाटायचं.

रविवारी संध्याकाळी नवालनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अरे भावा, भट्टीवर काही बोललास का तू?” तिच्या आवाजात राग नव्हता. “टेकडीवर बायकांच्या तोंडी तेच आहे. शाळेतल्या पोरींच्या आयांपर्यंत गेलंय. बरं केलंस. सरळ बोटानं तूप निघतं का कधी?” त्याला म्हणायचं होतं की मी तसं बोललो नव्हतो. पण मग कसं बोलला होता? तो पाणी प्यायला आणि खोलीत जाऊन बसला. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या तळाशी, अगदी खाली, काहीतरी जुळून येतंय अशी एक उबदार आशा होती, आणि तिची त्याला जास्त लाज वाटली.

मंगळवारी सूर्यास्ताची, मगरिबची अजान होऊन गेल्यावर दार वाजलं. फौझी होता, मागे सिवार. हातात पिशव्या. फौझी उंबऱ्याच्या आत आला नाही. “आजपासून इथं राहू दे तिला,” तो म्हणाला. “कोर्टाचं नंतर बघू. तिची शाळा... पोरी शेजारी बसत नाहीत तिच्या. माझ्या घरातनं ती रोज निघणार, तर रोज तेच.” तो मुंतसिरच्या डोळ्यांत बघत नव्हता, शर्टाच्या बटणाकडे बघत होता. मुंतसिरला वाटलं, आता शिवी देईल, आता गचांडी धरेल. “रात्री तिला दिवा लागतो. लहान नाही आता, पण लागतो,” एवढं बोलून तो जिना उतरला. सिवारनं त्याला हाक मारली नाही. ती कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसली आणि नवालनं चार वेळा विचारल्यावर म्हणाली की भूक नाही. त्या रात्री मुंतसिरनं पॅसेजमधला दिवा चालू ठेवला आणि अंथरुणावर पडून दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिला. ती आता घरात होती. दारापलीकडे तिचा खोकला ऐकू येत होता. हेच तर हवं होतं, मग झोप का येत नाही, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी निरोप आला: फौझी जाहा घेऊन, म्हणजे वडीलधाऱ्यांना मध्यस्थ करून, येतोय. टेकडीवरचे सगळ्यात मानाचे हाजी सुबही पुढे असणार, बरोबर टेकडीवरची वजनदार मंडळी. नवालनं आधी दार लोटून घेतलं. “माफी मागायला लावतील तुला सगळ्यांसमोर. मागायची नाही. मागितलीस की संपलं, पोरगी परत द्यावी लागेल, जन्मभर मान खाली.” जाहा आली की काय होतं हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं होतं. पाहुणे बसतात, यजमान कॉफी देतो, पाहुण्यांचा प्रमुख ती समोर ठेवतो आणि म्हणतो, आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाही. यजमान म्हणतो, प्या, मागितलंत ते दिलं. मग सगळे पितात. त्याच्या मोठ्या भावाचं लग्न असंच ठरलं होतं. आणि एकदा, चुलत्याच्या घरी, एका म्हाताऱ्यानं कॉफी तशीच भरलेली सोडली आणि तो उठून गेला. ती दोन घरं अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत. कॉफी सिवारनं केली. नवालनं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की किती माणसं, आणि वेलदोडे कुटायला घेतले.

माणसं आली, भिंतीला लागून बसली, खोली भरून गेली. शारजात मुंतसिरच्या घरी एका वेळी दोघांहून जास्त माणसं कधी आली नव्हती. त्यानं उभं राहून प्रत्येकाला बिनकानाच्या छोट्या कपात कॉफी ओतून दिली, आणि ओतता ओतता, भीती वाटत असतानाही, त्याला आपण यजमान असल्याचं बरं वाटत होतं. हाजी सुबहींनी कप समोरच्या तिवईवर ठेवला. सगळ्यांनी ठेवले. फौझी त्याच्या बरोबर समोर, खिडकीजवळ बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखा.

“आम्ही मागायला आलोत,” हाजी म्हणाले.

आणि मुंतसिरच्या छातीत काहीतरी उसळलं. त्याला एकदम दिसलं की आपण काय करायचं. न ऐकताच द्यायचं. पोरगी मागतील, पोरगीसुद्धा देऊन टाकू, खोलीभर माणसं बघत राहतील. “हाजी,” तो मोठ्यानं म्हणाला, “काय मागता ते न विचारताच दिलं. कॉफी घ्या.”

“थांब रे,” हाजी म्हणाले. “आधी ऐक. एवढा उदार होऊ नकोस.” कुणीतरी खाकरलं. “ज्यानं चूक केली त्यानं जाहा घेऊन जायचं, ही आपली रीत. आज ज्याच्यावर चूक झाली तो आलाय. मी त्याला म्हटलं, फौझी, हे उलटं आहे, लोक हसतील. तो म्हणाला, हाजी, उलटं तर उलटं. आता काय मागतोय ते ऐक. स्वतःसाठी त्याला काही नको. त्याच्याबद्दल जे बोललास ते राहू दे, तो म्हणतो. मुलगीही तो मागत नाही. कोर्टात येणार नाही, तुझ्या गल्लीत उभा राहणार नाही. त्याला फक्त एवढंच हवंय की मुलीच्या नावाबद्दल तू, तिचा बाप, या माणसांसमोर एक वाक्य बोलावंस. ती शुद्ध आहे म्हणून. उद्या हे वाक्य आम्ही खाली घेऊन जाऊ, प्रत्येक दारात.”

मुंतसिर हाजींच्या तोंडाकडे बघत राहिला. मुलीच्या नावाबद्दल? भट्टीवर तो फौझीबद्दल बोलला होता. फौझीला मारायला म्हणून दगड उचलला होता, नेम धरला होता, फेकला होता. त्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं तेव्हासुद्धा, नवालनं ‘शाळेतल्या पोरींच्या आया’ म्हटलं तेव्हासुद्धा, दारात तो माणूस ‘पोरी शेजारी बसत नाहीत’ म्हणाला तेव्हासुद्धा, त्याच्या डोक्यात फौझीच होता. बंद दाराआड दोघं आहेत असं तो म्हणाला होता. दोघं म्हणजे त्यातली एक सिवार. हे एवढं सरळ, कुठल्याही भट्टीवाल्याला त्याच क्षणी कळलेलं, त्याला आत्ता कळत होतं, आणि तेही या ठेंगण्या माणसानं इस्त्रीचा शर्ट घालून येऊन सांगितल्यावर. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “माझी मुलगी दुधासारखी स्वच्छ आहे. फौझीचंही तसंच. मी जळफळाटात बोललो. सगळं खोटं.”

मग हाजी सुबहींनी कप उचलला. “अल्लाह तुझा चेहरा उजळ ठेवो. चूक कबूल करायला कलेजा लागतो.” “घरंदाज माणूस,” कुणी म्हणालं. “असे बाप राहिलेत कुठं आता?” खोलीभर घोट घेतल्याचे आवाज आले, माणसं सैल झाली, कुणी मांडी बदलली. आणि मुंतसिरला, त्याच लाजेत बुडालेला असताना, ते शब्द गोड लागले. खरंच गोड लागले. आपण कशाचं बनलोय, असं त्याला वाटलं. त्यानं फौझीकडे पाहिलं. फौझीनं कप उचलला, ओठांना लावला, मान जराशी मागे केली, आणि कप खाली ठेवला. पण गळा हलला नाही. घोट उतरताना माणसाचा गळा हलतो, आणि त्याचा हलला नाही. हे फक्त समोर बसलेल्याला दिसण्यासारखं होतं. बाकीचे पावसाबद्दल, टाक्यांतल्या पाण्याबद्दल बोलायला लागले होते.

म्हणजे अजून एक मागणं होतं: सिवार परत हवी. ते त्यानं हाजींना सांगितलं नव्हतं, या खोलीत उच्चारलं नव्हतं आणि उच्चारणारही नव्हता, कारण उच्चारलं असतं तर सिवारच्या नावाचं मागणं त्याच्याखाली दबून गेलं असतं. पण खोटा घोटही त्याच्याच्यानं घेववला नव्हता. मुंतसिरनं ‘फौझी, कॉफी राहिली तुमची’ एवढं म्हणायचा अवकाश, सगळी खोली कपाकडे वळली असती. तोंडात शब्द आले होते. त्याला रिकामं घर दिसलं, पॅसेजमधला विझवलेला दिवा दिसला, आणि तो हाजींना म्हणाला, यंदा पाणी लवकरच आटणार असं दिसतंय.

मंडळी उठली, गळाभेटी झाल्या. फौझीनं त्याच्या गालाला गाल लावला तेव्हा साबणाचा वास आला. “दिवा लावता ना?” त्यानं हळूच विचारलं. “लावतो,” मुंतसिर म्हणाला. जिन्यावरचे पावलांचे आवाज खाली खाली गेले. नवाल गच्चीतून त्यांना निरोप द्यायला धावली. मुंतसिर खोलीत एकटा राहिला आणि त्यानं बघितलं: सगळे कप रिकामे, तळाशी गाळ, आणि खिडकीजवळचा तो एक भरलेला, काठापर्यंत, वर साय धरल्यासारखी पातळ झिलई. आतून चपलांचा आवाज आला. त्यानं कप उचलला आणि गार झालेली ती कडू कॉफी एका दमात पिऊन टाकली.

सिवार ट्रे घेऊन दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा शांत होता. ती कप गोळा करायला लागली. एकेक कप ती जरा वाकडा करून आत बघत होती, मग ट्रेमध्ये ठेवत होती. खिडकीजवळ आली आणि थांबली.

“अम्मो इथं बसले होते?”

“हो.”

“प्यायले ते?”

तिनं त्याच्याकडे बघितलं. इतक्या शुक्रवारांत तिनं त्याला कधी इतकं सरळ काही विचारलं नव्हतं. तिच्या हातातला कप रिकामाच होता, तरी ती त्याला विचारत होती, कारण तो सांगेल ते ती खरं मानणार होती. थोड्या वेळापूर्वी त्यानं खोलीभर माणसांसमोर खरं बोलून दाखवलं होतं, ते तिनं आतून ऐकलं होतं.

“प्यायले,” मुंतसिर म्हणाला.

“सगळी?”

“सगळी.”

ती खिडकीशीच उभी राहिली. तिनं एकदा खाली गल्लीत पाहिलं, मग कप ट्रेमध्ये बाकीच्यांबरोबर ठेवला. “म्हणजे त्यांना हवं होतं तेवढं मिळालं,” ती म्हणाली. ट्रे उचलून ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळून तिनं विचारलं, “माझे कपडे अजून पिशवीतच आहेत. कुठल्या कपाटात ठेवू?”

तो उठला, तिला खोलीत घेऊन गेला, डावीकडचं कपाट उघडलं आणि आपले शर्ट एका बाजूला सरकवून तिच्यासाठी जागा केली.